अंगठ्याआडची प्रभावळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते, कुणी विचारलं नाही तरी सांगते. वडील खाणीवर टिप्पर चालवतात, आई साखळी गावच्या बाजारात भाजी घेऊन बसायची, आणि मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून पणजीजवळच्या एका संस्थेत संशोधन करते. गावात लोक विचारतात, "शिक्षिका?" मी म्हणते, "नाही." "बँकेत?" "नाही." "मग?" "लांबच्या दीर्घिकांभोवती वायू असतो, तो शोधते." मग एखादी काकी हळूच विचारते, "पर्मनंट काय गो?"

पर्मनंट नाही. पण काम असं आहे की सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा प्रचंड मोठा थवा. आपला सूर्य अशाच एका थव्यात आहे. दुर्बिणीतून बघितलं की मधला चकचकीत गोळा तेवढा दिसतो आणि वाटतं, संपली दीर्घिका. ती संपत नाही. तिच्याभोवती विरळ वायू असतो, तारे जितके पसरलेत त्याच्या कितीतरी पट लांबवर गेलेला. नवे तारे घडायचे तर माल तिथून येतो. अवकाशातली दुर्बीण आभाळाच्या एका तुकड्याकडे तासन्‌तास टक लावून बसते तेव्हा कुठं त्याची अंधूक झाक मिळते. त्या प्रतिमा आमच्याकडे येतात आणि माझ्यासारखी माणसं त्यातलं खरं-खोटं निवडत बसतात.

निवडावं लागतं, कारण दुर्बीण फसवते. मधला गोळा झगझगीत असला की त्याचा थोडा उजेड आरशात, भिंगात, कुठं ना कुठं विखुरतो आणि गोळ्याभोवती नसलेलं तेजोवलय उभं राहतं. नवखा माणूस ते बघून नाचायला लागतो. मीही नाचले होते एकदा. माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे सांगितलं, "मधलं झाकून बघ." झगझगीत गोळा झाकायचा. वायू खरा असेल तर तो तिथंच राहतो, कारण तो तिथं आहेच. झाकल्याबरोबर सगळंच गेलं तर ते वलय बाहेर नव्हतंच, बघणाऱ्याच्या आत होतं.

गणपती झाल्यावरच्या एका शनिवारी मी लॅपटॉप घेऊन सोप्यावर बसले होते. आमच्याकडे घराच्या दारापुढच्या बसायच्या ओट्याला सोपो म्हणतात. आई वाल सोलत होती. ती मूळची पेडण्याची. लग्न होऊन डिचोली तालुक्यात आली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण बोलणं तिचं तिकडचंच राहिलं. मी तिला हाक मारली, "आई, ये, माझं काम बघ." त्या दिवशी मला फार आनंद होता. एका दीर्घिकेचा मधला भाग झाकल्यावरही भोवतीची झाक टिकून राहिली होती. मी तिला रंग दिला होता. हे रंग आम्हीच भरतो, मुळात सगळं करडंच असतं.

आईनं हात पदराला पुसले, चष्मा नाकावर चढवला आणि वाकून बघितलं. मग म्हणाली, "ही तर प्रभावळ मगो!"

प्रभावळ म्हणजे देवाच्या मूर्तीमागची नक्षीदार कमान. आमच्या देवीच्या पाठीमागं चांदीची आहे. ह्या वायूला काय म्हणावं यावर इतक्या शिकलेल्या माणसांशी मी बोलले होते, पण हा शब्द कुणाला सुचला नव्हता. मी खूश झाले. म्हटलं, "आई, तू पेपर लिही माझ्याबरोबर."

"लिवन हां," ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुका म्हणून सांगता. कोणाक सांगा नको. माकाय दिसता."

"काय दिसतं?"

"प्रभावळ. सांजवेळा. देवळात आरती सुरू झाली की समईक येता. आंत निळी, भायर तांबडी. पयलीं वाईच दिसायची, आतां समकी दिसता." तिचा चेहरा असा उजळला होता की मला तो आधी कधी दिसला नव्हता. "डोक्यांत कळ येता थोडी. पण देवीचां तेज सोसूक नको?"

मी हसत होते, ते हसू तसंच तोंडावर राहिलं.

आत निळी, बाहेर तांबडी. रंगांचा असा क्रम म्हणजे उजेड पाण्याच्या बारीक कणांतून किंवा खराब भिंगातून येतोय. हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळवले होते. मी आईच्या डोळ्यांकडे बघितलं. उजवा किंचित लाल होता. आमच्या गावात लाल डोळ्यांचं कुणाला नवल नाही. खाणीची तांबडी धूळ सगळ्यांच्याच डोळ्यांत जाते. वडील म्हणायचे, गुलाबपाणी घाल, आणि ती घालायची.

"किती दिवस दिसतंय?"

"शिगम्याच्या आदींपासून." शिगमो म्हणजे आमची होळी. सहा महिने होऊन गेले होते.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर देवळात गेले. "आज सूर्य खंयच्यान उगवलो? ही देवळाक आयली!" शेजारच्या काकीनं टोमणा मारलाच, कारण मी देवळात फारशी जात नाही. सभामंडपात उजेड कमी. गाभाऱ्यापुढं मोठी समई. आरती सुरू झाली आणि आईनं माझा हात दाबला. "आयली. बघ, बघ."

मी बघितलं. पाच वाती, पाच ज्योती. भोवती काही नाही. डोळे बारीक करून बघितलं, मोठे करून बघितलं. मला काहीच दिसत नव्हतं.

मी तिच्या कानाशी लागले. "आई, हात लांब कर. अंगठा समईसमोर धर. ज्योत झाकली जाईल असा."

"कित्याक?"

"धर फक्त."

तिनं धरला. घंटा वाजत होत्या, लोक टाळ्या वाजवत होते, आणि माझी आई एक डोळा मिटून, हात लांब करून देवीसमोर अंगठा धरून उभी होती. मी मनात म्हणत होते, राहू दे. ज्योत जाऊ दे, पण भोवतीचं राहू दे. विज्ञान शिकलेली मी तिथं उभी राहून चमत्कार मागत होते.

"गेली," आई म्हणाली. "सगळीच गेली."

तिनं हात खाली घेतला आणि माझ्याकडे वळून बघितलं. तिला राग आला होता, खरा राग. "तू माका देवीक अंगठो दाखवूक लावलंस!"

मला तेव्हा हसू आलं. अंगठा दाखवणं म्हणजे समोरच्याला धुडकावून लावणं. तिच्या लेखी प्रभावळ गेली ती त्यामुळं. आणि अंगठा खाली घेतल्यावर ती परत आली तेव्हा तिनं गाल बडवून क्षमा मागितली. माझ्या लेखी प्रश्न संपला होता. वलय समईभोवती नव्हतं. ते आईच्या डोळ्यात होतं. डोक्यातली कळ, लालसरपणा, अंधारात वाढणारा त्रास, हे सगळं मी घरी येऊन एकत्र मांडलं आणि फोनवर शोधत बसले. जे वाचलं त्यातलं एकच वाक्य डोक्यात राहिलं: गेलेली नजर परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पणजीला डॉक्टरकडे जाऊ." आई म्हणाली, "देवीन दिल्लां डॉक्टराक दाखवचां?" मी समजावलं. ती वाल सोलत राहिली. मी ओरडले. ती म्हणाली, "शिकलंस म्हणून आवयक आरडतंस?" वडिलांनी मध्ये पडून सांगितलं की धूळ आहे, जाईल. शेजारच्या काकीला कुठून तरी कळलं आणि ती आईच्या पाया पडून गेली. त्यानंतर तर आई ऐकेचना. रोज संध्याकाळी ती अंघोळ करून, वेणी घालून देवळात जायची, आणि मी बसमधून उतरून धावत घरी यायचे तर ती सोप्यावर डोकं धरून बसलेली असायची, तोंडावर समाधान. मला त्या समाधानाची भीती वाटायला लागली. संस्थेत मी प्रतिमा उघडायचे आणि प्रत्येक गोळ्याभोवतीच्या झाकेत मला आईचा लाल डोळा दिसायचा.

शेवटी मी मावशीला फोन लावला. मावशी हरमलला राहते, पर्यटकांना खोल्या देते, आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. तिला सगळं सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"काय गो, तुका प्रभावळ दिसता म्हणे?" मावशी म्हणाली.

आईनं माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघितलं. "दिसता. मग?"

"मग काय! हांगा गोरे लोक कितें कितें ओढतत तेव्हां खंय तेंका निळां-तांबडां दिसता. तुका फुकट दिसता. भाग्यवान मगो!"

"थट्टा करू नको देवीची."

"देवीची खंय करता? तुजी करता." मग मावशीचा आवाज बदलला. "आयक. आमची आजी आठवता? कोनशाक बसून आसायची, हातान चाचपून जेवायची. तीय म्हणायची, दिव्याक फुलां येतत. माका आठवता. तू तेव्हां ल्हान होतंस."

आईची आजी आंधळी होती हे मला ठाऊक होतं, फुलांचं ठाऊक नव्हतं.

"देवी आसा थंयच आसतली," मावशी म्हणाली. "डोळे ऱ्हवले तर तिका बघशीत."

तेव्हा कुठं आई डॉक्टरकडे यायला निघाली.

पणजीच्या डॉक्टरबाई माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. त्यांनी आईला विचारलं, "दिव्याभोवती वलयं दिसतात?" आई म्हणाली, "नाय." खोटं नव्हतं ते. वलय हा शब्द तिचा नाही. मी म्हटलं, "प्रभावळ म्हणते ती." डॉक्टरबाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं.

डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट अरुंद झाली होती. अंधारात बाहुली मोठी झाली की ती वाट बंद व्हायची, आत दाब वाढायचा, डोळ्याची पुढची काच पाण्यानं फुगायची आणि तिच्यातून बघितलेल्या प्रत्येक दिव्याला रंगीत कडं यायचं. दाबानं मागची नस वाळत चालली होती. हे सगळं डॉक्टरबाईंनी मराठीत नीट सांगितलं.

मग आईला एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं. आत कुठंतरी अंधूक ठिपका उजळतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी बाजूला उभी राहून बटणाचा आवाज ऐकत होते. मी रोज करते तेच काम आई करत होती, अंधारातला अंधूक ठिपका शोधायचं. मध्येच बराच वेळ बटण वाजायचं नाही. तिथं ठिपके येत होते, हे मला ठाऊक होतं.

उजव्या डोळ्याचं चित्र कागदावर आलं. नाकाच्या बाजूला वरून खालपर्यंत काळा तुकडा. डावा डोळा जवळजवळ स्वच्छ.

"पण माका तर सगळां दिसता," आई म्हणाली. "काळां खंय काय नाय."

आमच्या प्रतिमांतही मेलेले ठिपके असतात. तिथं उजेड नोंदवलाच जात नाही. आम्ही आजूबाजूचं बघून ती जागा भरून काढतो, आणि मग बघणाऱ्याला कळतही नाही की तिथं काही नव्हतं. आईच्या मेंदूनं तेच केलं होतं. महिनोन्‌महिने ती खाणीच्या रस्त्यावरून टिप्परांच्या मधून चालत होती आणि जे दिसत नव्हतं ते तिला मेंदू रंगवून दाखवत होता. मी विचारलं, "हे परत येईल?" उत्तर ठाऊक असताना विचारलं.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आहे ते राखायचं."

उजव्या डोळ्याला लगेच लेझर केलं. बुबुळाला बारीक भोक पाडतात, पाण्याला दुसरी वाट मिळते. डाव्याला पुढच्या आठवड्यात करायचं ठरलं. थेंब लिहून दिले. बाहेर पडताना डॉक्टरबाईंनी मला अडवून सांगितलं, "डाव्या डोळ्याला वलय दिसलं तर वाट बघू नका. त्याच दिवशी आणा. तोच आता त्यांचा खरा डोळा आहे."

मला पुरती भीती कळली ती इथं. दुर्बिणीवर संशय आला तर मी तिनं एखाद्या साध्या ताऱ्याचं घेतलेलं चित्र काढते आणि ताडून बघते. आईच्या डोळ्यात काय उमटतंय हे मला फक्त आईच सांगू शकत होती. आणि ते न सांगण्याचं कारण तिच्याजवळ होतं. मी रोज विचारायचे, "दिसली?" ती म्हणायची, "नाय." मी तिच्या तोंडाकडे बघायचे. समाधान शोधायचे, आणि ते दिसू नये असं मागायचे. स्वतःच्या आईचा आनंद दिसू नये म्हणून धडपडायची पाळी कुणावर येऊ नये.

डाव्या डोळ्याचं लेझर दोन दिवसांवर आलं होतं. संध्याकाळी बसमधून उतरून घरी आले तर आई सोप्यावर बसलेली. पायांत चपला, हातात पिशवी, अंगात बाहेर जायची साडी. घरातले सगळे दिवे तिनं लावून ठेवले होते.

"आयज दिसली," ती म्हणाली.

"कुठल्या डोळ्याला?"

"दाव्या. एक झाकून बघलंय, मागीर दुसरो. उजव्याक नाय, दाव्याक आसा." ती उठून उभी राहिली. "देवी काय एका डोळ्याक दर्शन दिता गो? ती न्हय ही. चल."

वडील शिफ्टवर होते, पण स्कूटर घरीच होती. मी डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, थेंब घाला, मी थांबते, आणि त्यांना अंधारात ठेवू नका. उजेडाकडे बघायला सांगा. बाहुली मोठी होता कामा नये.

डावा डोळा वाचला, हे आत्ताच सांगून टाकते. कुणाला टांगून ठेवून मला ही हकिकत सांगायची नाही. पण थेंब घालून मी स्कूटर सुरू केली तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. साखळीहून आमोण्याच्या पुलाकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी, मैलोन्‌मैल दिवा नाही. म्हणजे जे टाळायचं होतं त्याच्यातूनच मी तिला नेत होते. मी ओरडून सांगितलं, "आई, समोरून गाडी आली की तिच्या दिव्याकडे बघ. दिसलं की मला सांग."

ती माझ्या कमरेला धरून बसली होती. पहिली गाडी आली. "आसा," ती मागून म्हणाली. "आंत निळी, भायर तांबडी." एक बस गेली. "आसा." मग बराच वेळ काळोख, आणि मी स्कूटरला देता येईल तेवढा वेग देत होते. "आसा गो. मोठी जाली." पूल ओलांडला. माशेलच्या अलीकडे ती म्हणाली, "दुखता," आणि कपाळ माझ्या पाठीवर टेकलं.

पुढची गाडी आली आणि गेली. मागून आवाज आला नाही.

आणखी एक आली. लांबूनच तिचे दिवे माझ्या डोळ्यांवर पडत होते, इतके प्रखर. आई गप्प. कडं गेलं म्हणून गप्प, की दिवाच दिसला नाही म्हणून? मला स्कूटर थांबवून मागं वळायची छाती झाली नाही.

"आई," मी म्हटलं. "आई, आता काय दिसतंय?"

तिची मिठी घट्ट झाली. "मागीर सांगता," ती म्हणाली. "तू फुडें बघ."